रोमन घोडेस्वार आणि चिंचेचा कोळ

भानुदास सबनीसांकडे रोमन बादशहाचं ब्राँझचं नाणं होतं, आणि हे माहीत नसलेला मराठी माणूस दुबईच्या करामा भागात शोधूनही सापडला नसता. शारजाच्या जुन्या बाजारात त्यांनी ते घेतलं होतं. एका बाजूला बादशहाचा मुखडा. दुसऱ्या बाजूला, भानुदासांच्या मते, तलवार उगारलेला घोडेस्वार. वर हिरवा गंज. "हा हिरवा रंग हीच त्याची शान!" हे ते रास अल खोरच्या गोदामात टायर उतरवून घेतानाही सांगत. त्यांचा मित्र गुणवंत म्हणे, "मला तर यात फ्लॉवरचा गड्डा दिसतो बुवा!"

आज त्याचा फैसला होता. नाण्यांचे जाणकार दौलतशेठ यांना घेऊन गुणवंत संध्याकाळी येणार होता. घोडा निघाला नाही तर भानुदासांना तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

त्यांनी देव्हाऱ्यातलं ताम्हन उचललं आणि ते किंचाळलेच. नाणं लखलखत होतं.

"लतिका! हे काय केलंस?"

"उद्या गणपती बसतायत. देवाची सगळी उपकरणी चिंच-मीठ लावून घासली," बायको म्हणाली. "तुम्हीच ठेवलंत ना ते ताम्हनात? मग त्याचे वेगळे लाड कशाला?"

"अगं, दोन हजार वर्षांचा रंग होता तो! खलास!"

"बाबा, जस्ट मेक इट ग्रीन अगेन," टीव्हीवरची नजर न काढता त्यांची लेक अवनी म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. बुडत्याला काडीचा आधार. भानुदासांना सामोशांसाठी केलेली पुदिन्याची चटणी दिसली. थापली की हो नाण्यावर!

दौलतशेठनी नाणं नाकाशी नेलं. "रोमन लोग लहसुन खाते थे क्या?"

गुणवंत सोफ्यावर गडबडा लोळला. शेठनी रुमालानं चटणी पुसली आणि भिंग लावलं.

"घोड़ा कहाँ है? ये तो देवी है. एक हाथ में तराज़ू, दूसरे में फलों से भरा सींग. रंग उतार दिया, बाज़ार में अब इसे कौन पूछेगा? लेकिन हबीबी, मूरत क्या निकली है!"

लतिका पदर खोचून पुढे आली. "देवी! आणि वर्षभर हे तिला घोडा म्हणत होते."

भानुदासांची मान खाली गेली, पण क्षणभरच. मग छाती अशी फुगली की शर्टाची बटणं ताणली गेली. "बघितलंस, गुणवंत? आजवर कुणाला न दिसलेली देवी आमच्या हिनं उजेडात आणली! भिंगं कसली घेऊन बसलात? चिंच लागते, चिंच!"

गुणवंतचं हसू मावळलं. इकडेतिकडे बघत त्यानं पाकिटातून एक हिरवंगार नाणं काढलं. त्याच शारजाच्या दुकानातलं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "मला यात हत्ती दिसतो. थोडी चिंच उरलीय का?"