कमाल भार एक किलो

माणूस गुहेत राहायला लागला त्या दिवसापासून त्याच्यापुढे एकच मूलभूत प्रश्न उभा आहे, आणि तो म्हणजे ओला टॉवेल टांगायचा कुठे. आग, चाक, लेखनकला वगैरे किरकोळ शोध मधल्या काळात लागले. मुख्य प्रश्नाचं उत्तर मात्र अगदी अलीकडे मिळालं. भिंतीला चिकटणारा, भोक न पाडणारा आणि नको असेल तेव्हा मुकाट्याने निघणारा हूक बाजारात आला आणि मानवजातीने सुटकेचा निःश्वास टाकला. (हुकाने काय काय टाकलं, ते पुढे येईल.)

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांच्या घरी हा हूक आला तो घराला नवा रंग दिल्यावर. निरीक्षक म्हणजे शिस्तीचा माणूस. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, खोट्या वजनांवर डोळे वटारायचे आणि पाकिटावर छापलेला शब्द खरा की खोटा ते बघायचं, हीच त्यांची नोकरी. छापील शब्दावर त्यांची जी श्रद्धा होती, ती काही लोकांची देवावरही नसते. हुकाच्या पाकिटावर छापलं होतं, 'कमाल भार : एक किलो'. निरीक्षकांना गहिवरून आलं. इतकं स्पष्ट त्यांच्याशी आजवर कुणी बोललंच नव्हतं.

हूक विहित पद्धतीने बसवण्यात आले. आधी भिंत स्पिरिटने पुसायची, मग निरीक्षकांनी अंगठ्याने हूक दाबून धरायचा, बायकोने मोठ्याने तीसपर्यंत आकडे म्हणायचे, आणि पुढचा तासभर त्या खोलीत कुणी शिंकायचंसुद्धा नाही. त्यानंतर घरातली एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढली. किल्ल्या पास. गाळणी पास. छत्री पास, पण मिटलेली आणि कोरडी असेल तरच. टॉवेल कोरडा आणि ओला असा दोनदा तोलला गेला आणि ओला टॉवेल नापास झाला. तेव्हापासून अंघोळ झाली की टॉवेल पिळून, काट्यावर ठेवून, मगच भिंतीकडे न्यायचा, असा नियम झाला. मुलीचं, म्हणजे बबडीचं दप्तर तर इतकं जड निघालं, की काट्याने आकडाच दाखवायचं नाकारलं. सबब, ते भिंतीला टांगायला मनाई करण्यात आली. (बबडीच्या पाठीला चिकटपट्टी नसल्यामुळे तिथे ते चालत होतं.)

हूक पडायचे, नाही असं नाही. जेवताना, टीव्ही बघताना, कधीही धप्प. परंतु निरीक्षकांच्या पाहणीनुसार या घटनांमध्ये निम्मा दोष दमट हवेचा, निम्मा टॉवेलचा आणि निम्मा बायकोचा होता. हुकाच्या वाट्याला काही उरतच नव्हतं.

यशाने भले भले हुरळतात, तिथे निरीक्षकांची काय कथा! इमारतीच्या सभेत त्यांनी ठराव मांडला, की यापुढे या इमारतीत कुणीही खिळा ठोकू नये. खालच्या मजल्यावरच्या कानसेनांनी टाळ्या वाजवून अनुमोदन दिलं. कानसेन हे निवृत्त गृहस्थ, वरच्या घरात सुई पडली तरी जिन्यावर येऊन उभे राहणारे. बाकीच्यांना घरी जाऊन जेवायचं होतं. ठराव एकमताने मंजूर झाला. दारावर पाटी लावावी असंही निरीक्षकांच्या मनात होतं, पण पाटीचं वजन जास्त भरलं.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना निरीक्षकांना आपल्या आईची आठवण यायला लागली. आई थोरल्या भावाकडे असायची. इतकी वर्षं ती तिकडेच होती आणि बरी होती, पण निरीक्षकांच्या बायकोला इस्पितळाच्या स्वागतकक्षात दुपार ते संध्याकाळची ड्यूटी लागली, दुपारी शाळेतून आलेल्या बबडीला दार उघडायला घरात कुणी राहिलं नाही, आणि नेमकं त्याच आठवड्यात मातृप्रेमाला भरतं आलं. "तुझी फार आठवण येते गं," असं निरीक्षकांनी फोनवर सांगितलं. "कितीला सुटते तिची शाळा?" आईने विचारलं.

आई आली. बरोबर एक बॅग आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला बाबांचा फोटो. बाबांची पिठाची गिरणी होती आणि गल्लीत त्यांचं वजन होतं. फोटोलाही शिसवी लाकडाची चौकट आणि जाड काच.

"आधी यांना लाव," आई म्हणाली. "मग मी बॅग उघडते. ते जिथं, तिथं मी."

निरीक्षकांनी वडिलांना काट्यावर ठेवलं.

"आई, हे दोन किलो चारशे भरतायत."

"भरणारच. तुझे बाबा काय ऐरेगैरे होते?"

"हूक एक किलोचा आहे."

"मग? आयुष्यात मापात पाप केलं नाही त्यांनी. उलट मूठभर जास्तच घालायचे."

"ते जास्तीचंच तर नडतंय ना!"

"अहो, तीन हूक लावा की," बायको म्हणाली. परंतु पाकिटावर 'एका वस्तूस एकच हूक' असं छापलेलं होतं, आणि छापलेलं मोडायचं तर मग खातं कशाला ठेवलंय? उपाय एकच उरला. हूक वाढवता येत नसेल तर वडील कमी करायचे. पहिल्यांदा काच काढली. मग शिसवी चौकट काढली. मग मागचा पुठ्ठा. शेवटी नुसता फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर भोक पाडून (पिशवीला, भिंतीला नव्हे) हुकाला अडकवण्यात आला. आता वडील शंभर ग्रॅमच्या आत होते. निरीक्षकांनी समाधानाने हात झटकले.

आईने पिशवी जवळून निरखली. "असे हडकले नव्हते ते शेवटच्या आजारातसुद्धा," एवढंच म्हणाली, आणि बॅग बंदच ठेवून पलंगाखाली सरकवली.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. पंखा लावला की बाबा हलायचे. त्यातही आडवे हलायचे, म्हणजे मान नकारार्थी. पंखा एकवर असला तर सौम्य नकार, पाचवर असला तर ठाम. चहा पिताना, पेपर वाचताना, बबडीचा अभ्यास घेताना, भिंतीवरून आपलं सारखं नाही, नाही, नाही.

"बघितलंस? त्यांना पटलेलं नाही," आई म्हणाली. तिने थोरल्याला फोन लावला, "रविवारी ये रे मला न्यायला."  पलीकडून गाडीचं काहीतरी बिघडलं असल्याचं कळलं, पण बघतो, म्हणाला.

त्या रात्री ड्यूटीवरून आल्यावर बायकोने निरीक्षकांना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि दार लोटलं.

"आई गेल्या तर माझी ड्यूटी गेली. ड्यूटी गेली तर नोकरी गेली. की तुम्ही येणार आहात रोज दुपारी दार उघडायला?"

"मी? माझे तराजू—"

"मग ठोका खिळा."

"अगं, ठराव माझा आहे! खाली कानसेन बसलाय कान लावून. लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू देत. भिंत प्यारी की आई, ते सांगा."

निरीक्षक विचारात पडले. भिंतीला नुकताच रंग दिला होता. पण आई गेली तर घर कोलमडेल हे त्यांना दिसत होतं. शिवाय, खरं सांगायचं तर, ती बॅग पलंगाखाली तशीच बंद बघून त्यांना दोन दिवस नीट जेवणही जात नव्हतं. शेवटी त्यांनी आपलं तत्त्व उचललं आणि खुंटीला टांगायला निघाले, तर घरात खुंटीच नव्हती. (हुकाला टांगता आलं असतं, पण तत्त्व कधी तोलून बघितलेलं नव्हतं.)

आईने प्रश्न सोडवला. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून तिने बोटभर लांबीचा एक खिळा काढला.

"तिकडच्या भिंतीतला उपटून आणलाय. म्हटलं, तुमच्याकडे सगळं असेल, खिळा तेवढा नसायचा."

"पण आवाज?"

"तो कुकर चढव."

कुकर चढला. आई हातात बत्ता घेऊन खुर्चीवर उभी राहिली, निरीक्षकांनी खुर्ची धरली, बायको शेगडीपाशी. शिट्टी झाली की आई एक घाव घालायची आणि पुढच्या शिट्टीची वाट बघत थांबायची. असा तो खिळा शिट्टीगणिक आत गेला. बबडीला इतकी मजा तिच्या वाढदिवसालासुद्धा आली नव्हती. कुकरमधल्या हरभऱ्यांचा मात्र पार लगदा झाला.

सकाळी आई खाली उतरली, तर जिन्यात कानसेन उभेच. "काय वहिनी, काल काय शिजत होतं? शिट्ट्यांवर शिट्ट्या!"

"हरभरे," आई म्हणाली. "जुने होते. ठोकल्याशिवाय ऐकत नाहीत."

बाबा पुन्हा काच, पुठ्ठा, चौकटीसह आपल्या पूर्ण वजनानिशी भिंतीवर चढले आणि मान हलवायचे थांबले. आईने बॅग उघडली. साड्या कपाटात गेल्या, औषधं फडताळात. निरीक्षकांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी त्या दिवशी एका दुकानदाराला नुसती समज देऊन सोडलं.

इथवर सगळं गोड झालं. पण निरीक्षकांच्या अनुभवी नजरेला एक गोष्ट दिसली, ती अशी, की खिळ्यावर कमाल भार छापलेला नसतो. त्यांनी सहज म्हणून आपली ऑफिसची पिशवी त्याला अडकवली. खिळा हूं की चूं करेना. दुसऱ्या दिवशी बायकोची पर्स आली. मग छत्री, तीही उघडून झटकलेली, ओली. मग रेनकोट, मग हेल्मेट, मग बबडीचं दप्तर. काटा माळ्यावर गेला. आठवड्याभरात बाबा रेनकोटाच्या मागे दिसेनासे झाले, पण ते तिथेच आहेत याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

कमाल भार आईवरही कुठे छापलेला नव्हता. तिला बोलावलं होतं फक्त दार उघडायला. दार उघडतेच आहे तर बबडीला शाळेतून आणायलाही तीच जाऊ लागली. बाहेर पडतेच आहे तर येताना भाजी. घरी असतेच तर कुरियरवाला, गॅसवाला आणि कानसेनांच्या घराची जादा किल्ली. बायकोला रात्रीची ड्यूटीही मिळाली. थोरल्या भावाची गाडी एकाएकी दुरुस्त झाली आणि तो सहकुटुंब फिरायला गेला. जाताना आपला कुत्रा आईकडे ठेवून गेला. एकदा भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "कंबर धरली रे माझी." "हो ना, हवाच तशी आहे," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी शर्ट तिच्याकडे बटण लावायला दिला.

असा खिळा प्रत्येक घरात असतो. आमच्या घरात नाही, असं ज्यांचं म्हणणं असेल त्यांनी एक सोपी चाचणी करावी. बसल्या जागेवरून, मान न वळवता, "माझा चष्मा कुठाय?" असं ओरडावं. जो कुणी हातातलं काम टाकून उठेल, तो खिळा. आणि ही गोष्ट तुम्हाला मधे एकदाही न उठता इथपर्यंत वाचता आली असेल, तर तो खिळा तुम्ही नव्हेत, एवढं याद्वारे प्रमाणित करण्यात येत आहे.