बरणीतला पांढरा

पांढरा रंग कुणाला कळतो, असं विचारलं तर मी उगाच विनय न करता स्वतःकडे बोट दाखवतो. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत दाखवत होतो. चौतीस वर्षं मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. आधी धामणगाव रेल्वेला, मग अकोल्याला, शेवटी तिवस्याला. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, उत्तरेच्या उजेडात धरायचा, बोटांनी धागा ओढून पाहायचा आणि ग्रेड सांगून मोकळं व्हायचं. तुम्हाला जो नुसता पांढरा दिसतो, त्यात मला अकरा पांढरे दिसतात. रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी अमरावतीत आमच्या गल्लीत मला कुणी पुंजाराम म्हणत नाही, ग्रेडरसाहेबच म्हणतात. फक्त आमच्या सौभाग्यवती कौशल्याबाईंचं म्हणणं असं की, धुतलेला शर्ट कोणता आणि न धुतलेला कोणता, हे साहेबांना अजून कळत नाही.

माझ्या नोकरीची एकच कमाई मी जपून ठेवली होती. शहाण्णव सालच्या पहिल्या वेचणीचा एक कापसाचा पुंजका. असा पांढरा माल मी पुन्हा पाहिला नाही. तो काचेच्या बरणीत घालून मी देवघरात ठेवला. सकाळी देवाला नमस्कार केला की दुसरा नमस्कार बरणीला. नोकरीत असताना कधी नजर डगमगली तर घरी येऊन बरणीकडे पाहायचो आणि नजर ठिकाणावर यायची.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमची एकुलती एक मुलगी आचल लग्नाचे फोटो काढते आणि अल्बम करते. दोन वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत काम केल्यावर तिने स्वतःचा धंदा सुरू करायचं ठरवलं. पुण्याच्या एका स्टुडिओने तिला एक तारखेपासून नोकरीवर बोलावलं होतं. तेवढ्यात भातकुलीच्या भगवंत गावंड्यांकडून त्यांच्या मुलीच्या, गीतांजलीच्या लग्नाची ऑर्डर आली. आचलने जेवताना सांगून टाकलं.

"बाबा, हा अल्बम जमला तं मी अमरावतीतच राहीन. त्यायच्या नात्यात अजून तीन लग्नं हायेत. नाई जमला तं पुण्याले जातो."

मी वरवर म्हणालो, "तुले जसं पटलं तसं कर." पण पोरगी पुण्याला गेली तर घरात मी, कौशल्या आणि बरणी एवढेच उरणार, या विचाराने माझा घास तोंडातच फिरत राहिला. तेव्हाच मी ठरवलं, हा अल्बम जमलाच पाहिजे. आणि तो जमवायला माझ्यासारखा माणूस घरात असताना काळजी कशाची?

अल्बमसाठी कॉम्प्युटर नवा लागणार होता. तयार डबा न घेता एकेक भाग निवडून जोडून घ्यायचा, असं आचलचं मत. राजकमल चौकाजवळ कुंदनचं दुकान आहे, तो असे कॉम्प्युटर जोडून देतो. डब्यातलं काय ते त्या दोघांनी ठरवलं, त्यात मी पडलो नाही. पण मॉनिटरची गोष्ट निघाली तेव्हा मी पिशवीतून बरणी काढून काउंटरवर ठेवली.

"काका, हे काय हाये?" कुंदनने विचारलं.

"पांढरा," मी म्हणालो. "तू सगळ्या पडद्यांवर कोरा पांढरा रंग लाव. मी पाहतो."

त्याने चार पडदे लावले. मी पुंजका चिमटीत धरून एकेका पडद्याजवळ नेला. पहिल्याला नीळ जास्त झाली होती. दुसऱ्यालाही नीळ. तिसरा आणि चौथा, दोन्ही निळसर. कापूस गाडीसकट परत पाठवावा तसे मी चारही पडदे नापास केले.

"काका, चारी कंपन्या चुकल्या आन् तुमचा कापूस बरोबर, असं म्हन्ता काय?"

"हाव," मी म्हणालो.

मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. आचल कानापर्यंत लाल झाली. तिने घरूनच ठरवून आणलेला सत्तावीस इंची पडदा उचलला आणि म्हणाली, "बाबा, यातली नीळ घरी काढता येते." ती हे मला दुकानातून बाहेर काढायला म्हणाली होती. मी मात्र ते मनात टिपून ठेवलं.

घरी पुढच्या खोलीत सगळं मांडलं. मग आचलने एक यंत्र काढलं. उंदराएवढं असेल. ते वायरीने पडद्याच्या मधोमध लटकवायचं, मग पडद्यावर लाल, हिरवे, निळे, राखाडी रंग येत-जात राहतात आणि यंत्र ते पाहून पडद्याचे रंग बरोबर करतं. पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, "झालं. आता याले कोनी हात लावायचा नाई."

मी पाहिलं. निळसर! मी तसं बोललो. ती म्हणाली, "मशीननं मोजलं हाये, बाबा." मी म्हणालो, "मशीनले डोळा असते, नजर नसते." हे वाक्य मला इतकं आवडलं की त्या दिवशी मी ते दूधवाल्यालाही ऐकवलं.

लग्न झालं. फोटो झाले. त्यातला हळदीचा कार्यक्रम सगळ्यात देखणा होता, असं आचल म्हणाली. पिवळ्या कापडाचा मांडव, झेंडूच्या माळा आणि नवरी नखशिखांत हळदीने माखलेली. फोटो कॉम्प्युटरवर टाकून ती दोन दिवसांसाठी धामणगावला एका बारशाच्या कामाला गेली, आणि इकडे माझ्या हाताला खाज सुटली.

सकाळी दहाला उत्तरेचा उजेड उत्तम असतो. मी टेबल ढकलत खिडकीपाशी नेलं आणि देवघरातून बरणी आणली.

"अवो, ते बरणी राहू द्या न देवापाशी," कौशल्या म्हणाली. "कावून घडी घडी काढता तिले?"

"पडद्याले पांढरा शिकवाचा हाये."

"मी सांगून राहिली, राहू द्या," ती पुन्हा म्हणाली. तिचा चेहरा का पडला होता, हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

मी पुंजका टेपने पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवला. पडद्याखाली एक बटण होतं, ते दाबलं. यादी आली. पुन्हा दाबलं, तर ती यादी चिनी झाली. मी कुंदनला फोन लावला.

"काका, पडद्यावर काय दिसून राहिलं?"

"चिनी."

"तुमी कायले हात लावला? आचलताई कुठी हाये?"

"ते धामणगावले गेली. तू नीळ कुठी असते तेवढं सांग."

बिचाऱ्याने फोनवरून ओळी मोजायला लावून मला आधी मराठीत नाही तरी इंग्रजीत आणून सोडलं आणि मग निळ्या रंगाच्या रेघेपर्यंत पोहोचवलं. "काका, एक-दोनच घर खाली करजा," तो म्हणाला. मी एक-दोन घरं खाली केली. पुंजका पाहिला. अजून निळसर. आणखी पाच केली. आणखी सात. चौदा घरं खाली आल्यावर पडदा आणि कापूस एकजीव झाले. कुठे कापूस संपतो आणि कुठे पडदा सुरू होतो, ते सांगता येईना. मी पुंजका बरणीत घातला, टेबल जागेवर लावलं आणि समाधानाने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आचल परत आली आणि हळदीचे फोटो उघडून बसली. थोड्या वेळाने तिने हाक मारली.

"बाबा, मले सगळं लयच पिवळं दिसून राहिलं."

"मांडव पिवळा होता ना?"

"हाव."

"मंग?"

मी खोटं बोललो नाही. मांडव पिवळाच होता. पण तिने विचारलं होतं ते मांडवाबद्दल नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. तिला वाटलं, मांडवाच्या कापडाचा पिवळा उजेड सगळ्यांवर पडला आहे. तिने चार दिवस बसून तीनशे फोटोंतून पिवळा काढला. माझ्या पडद्यावर फोटो असे छान दिसत होते की कौशल्यानेही मान डोलावली. मग अल्बम छापायला अकोल्याच्या लॅबला गेला, आणि भगवंतरावांना घाई होती म्हणून तिथूनच परस्पर भातकुलीला पोहोचला. त्या रविवारी त्यांच्याकडे व्याही जेवायला येणार होते.

सोमवारी सकाळी भगवंतराव अल्बम काखेत मारून आमच्या दारात उभे. साठीचा, आडव्या हाडाचा माणूस. रागावलेला दिसत नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. त्यांनी अल्बम टेबलावर उघडला.

"पोरी, येवढं एक सांग. माह्या गीतांजलीच्या हळदीतली हळद कुठी गेली?"

मी डोकावलो. झेंडूच्या माळा राखेच्या रंगाच्या. मांडव पांढरट. नवरीच्या गालावर जे काही फासलं होतं ते भस्म म्हणून खपलं असतं. बाकी वऱ्हाड थंडीने गारठल्यासारखं निळं पडलं होतं. नवरीची आत्या तर पार जांभळी.

"व्याही काही बोलले नाई," भगवंतराव म्हणाले. "पण व्याहीनबाई म्हने, तुमच्याकडे हळदीले राख लावतेत काय?"

आचलचे डोळे भरून आले. ती एकदम कॉम्प्युटरपाशी गेली, तेच फोटो उघडले. पडद्यावर हळद होती. तिने अकोल्याला प्रीतमला फोन लावला, त्या लॅबमधल्या ओळखीच्या मुलाला, आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"ताई, त्याच दिवशी आमच्या मशीनवर बावीस अल्बम निघाले," प्रीतम म्हणाला. "कोनाचीच हळद गेली नाई."

"म्हंजे माहीच चूक," आचल म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "काका, तुमचे पैसे परत करतो मी. मले काही येत नाई. पुण्याले गेलेलंच बरं."

मी तिथेच कबूल करायला हवं होतं. पण मला अजून मनापासून वाटत होतं की लॅबच चुकली आहे, कारण पडदा माझ्या हातचा होता. पोरीला वाचवायचं म्हणून मी देवघरात धावलो आणि बरणी घेऊन आलो.

"पुरावा पाहा," मी म्हणालो आणि पुंजका पडद्यावर धरला. "शहाण्णव सालचा पहिल्या वेचणीचा माल हाये. यापेक्षा पांढरं जगात काही नाई. पडदा आन् कापूस, हाये काही फरक? म्या स्वतः उत्तरेच्या उजेडात मिळवून घेतला."

मग आचल हळूच म्हणाली, "बाबा, तुमी पडद्याले हात लावला होता?"

मी मान खाली घातली. तेवढ्यात भगवंतरावांनी हात पुढे केला.

"साहेब, ते इकडं द्या जरा."

त्यांनी पुंजका घेतला आणि खिडकीपाशी गेले. उत्तरेच्या उजेडात धरला. बोटांनी धागा ओढला, पुन्हा ओढला. हुबेहूब माझीच पद्धत!

"तुमाले आठवत नसन," ते म्हणाले. "एका वर्षी आमी दोन दिवस केंद्रावर रांगेत होतो. माहे वडील आन् मी. आमचा कापूस तुमी असाच धरला आन् म्हटलं, पिवळा हाये, दुसरी ग्रेड. वडील म्हने, साहेब, नीट पाहा. तुमी म्हटलं, मले पांढरा शिकवू नका."

मला आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, त्यात शंका नाही.

"आता हे पाहा." त्यांनी खिशातून धुतलेला पांढरा रुमाल काढून पुंजक्याखाली धरला. रुमालापुढे पुंजका पिवळाधमक दिसला, जुन्या वर्तमानपत्रासारखा. "आन् साहेब, हा पहिल्या वेचणीचा नाई. दुसरीचाही नाई. याचा धागाच तुटेल हाये. हा गादीतला कापूस हाये."

आता मात्र मी उसळलो. "काय बोलता! अठ्ठावीस वर्षं देवघरात हाये तो!"

"गादीतलाच हाये," मागून आवाज आला.

कौशल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे ठेवला, पदर सावरला आणि म्हणाली, "आचल दुसरीत होती त्या दिवाळीले. ऐन लक्ष्मीपूजनाले वाती सरल्या. दुकानं बंद झाली होती. म्या बरणीतला कापूस घेतला. लय चांगल्या वाती झाल्या, रात्रभर जळल्या. मंग तुमाले कळू नये म्हून पाहुन्यायच्या गादीतला भरून ठेवला. म्या म्हटलं, यायच्या लक्षात आलं तं सांगू. तुमच्या लक्षातच नाई आलं."

म्हणजे नोकरीतली शेवटची दहा वर्षं मी रोज सकाळी पाहुण्यांच्या गादीला नमस्कार करून केंद्रावर जात होतो आणि त्या नजरेने लोकांचा कापूस पारखत होतो! आधी आचलला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी तसंच होतं आणि ती टेबलावर डोकं टेकून हसत होती. मग भगवंतराव हसले. ते इतके हसले की चहा निवला.

"मले माफ करा," मी त्यांना म्हणालो, आणि ते फक्त अल्बमसाठी नव्हतं. आचलकडे वळून म्हणालो, "चूक माही होती, बेटा. तुह्या कामात खोट नाई. पुण्याले जाऊ नको."

आचलने तो यंत्राचा उंदीर काढून पडद्यावर लटकवला. पंधरा मिनिटं आम्ही चौघं लाल, हिरवे, निळे रंग पाहत बसलो. मग तिने पिवळा न काढलेला मूळ फोटो उघडला आणि पडद्यावर गीतांजलीच्या गालावर हळद चमकली. भगवंतराव खुर्चीतून पुढे सरकले, बराच वेळ लेकीकडे पाहत राहिले.

"हे अशी होती ते," ते म्हणाले. "असाच छाप, पोरी. आन् पुढच्या तीन लग्नांचं माह्यावर सोड. पन साहेबाले या खोलीत येऊ देऊ नको."

आचल राहिली. मला या खोलीत यायचं असलं तर हात मागे बांधून यावं लागतं.

गेल्या आठवड्यात भगवंतराव पुन्हा आले. यंदाच्या पहिल्या वेचणीचा कापूस पिशवीत घेऊन आले होते, खास रिकाम्या बरणीसाठी. त्यांनी मूठभर माझ्या हातात ठेवला.

"पाहा साहेब. सांगा ग्रेड."

सवयीने मी खिडकीपाशी गेलो. उत्तरेकडे तोंड केलं, चिमूट वर धरली. पांढरा होता. पांढराच असावा. मागे भगवंतराव, कौशल्या आणि आचल तिघंही थांबले होते. मी धागा ओढून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि घसा खाकरून हळूच विचारलं,

"आचल, तुह्यं ते उंदराएवढं मशीन कापसाले लावता येते काय गं?"