परचुऱ्यांच्या घरी 'छान' म्हणायचं नाही

परचुऱ्यांच्या जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर एक पाटी आहे : 'येथे छान म्हणू नये. काय लागले ते सांगावे.' पुण्यात पाटीचं कुणाला काही वाटत नाही. पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मला वाटलं, ही सूचना आमटीबद्दल असणार. म्हणून मी गप्प बसून जेवलो. जेवण संपेपर्यंत परचुरे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या घरी येऊन त्यांचीच खुर्ची मोडली आहे.

पाटी वाईनबद्दल होती. परचुरे घरी फळांची वाईन करतात. जांभूळ, करवंद, अननस, एकदा चिकूही. चिकूबद्दल मी बोलणार नाही, आम्ही दोघंही आता त्यातून सावरलो आहोत.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर त्यांचं दार माझ्या दारासमोर आहे. लिफ्ट नाही. त्यामुळे त्यांच्याकडे जेवायला येणाऱ्या माणसाला तहान आपोआपच लागलेली असते. परचुरे पिंपरीकडच्या एका कारखान्यात तपासनीस होते. लोखंडी भागांवर चकचकीत मुलामा चढवायचं खातं होतं त्यांचं. मग देशाने जगासाठी दारं उघडली आणि त्याच दारातून कारखान्याने परचुऱ्यांना बाहेर काढलं. त्याला 'स्वेच्छानिवृत्ती' म्हणतात. स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती परचुऱ्यांची.

नोकरी गेली, पण तपासनीस गेला नाही. वाईनचा एक घोट स्टीलच्या फुलपात्रात यायचा आणि सोबत एक वही यायची. वहीत रकाने : रंग, वास, चव, शेरा, सही. माझ्या त्या पहिल्या जेवणानंतर रकाने भरल्याशिवाय ताट वाढलं जात नसे. 'आधी वास लिहा, मग वरण' हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की, कुणी वरण वाढायला घेतलं की माझा हात अजून खिशातल्या पेनाकडे जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे बरणीला कान लावणं. रोज सकाळी सहा वाजता परचुरे गॅलरीत उकिडवे बसून चिनी मातीच्या बरणीला कान लावत. आत फळांचा रस आंबत असतो, त्याचे बुडबुडे फुटत असतात, ते ऐकायचे. "आज जोरात आहे," "आज जरा मंदावलीय," असा अहवाल ते शेजारच्या गॅलरीतल्या मला कठड्यावरून देत. वहिनींचं बोलणं त्यांनी इतकं मन लावून ऐकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

माझं म्हणाल, तर मी सरकारी कचेरीतला माणूस. तीस वर्षं मी फायलींवर न वाचता शेरे लिहिले आहेत. परचुऱ्यांच्या वहीत मी दर वेळी 'उत्तम' लिहीत असे. रंग उत्तम, वास उत्तम, चव उत्तम. पाटीवर 'छान'ला बंदी होती, 'उत्तम'ला नव्हती. अशी पळवाट शोधणं हा आमच्या खात्याचा स्थायीभाव आहे.

खाली तिसऱ्या मजल्यावर अनिकेत राहतो. हिंजवडीत कामाला, कंपनीच्या खर्चाने कॅलिफोर्नियाला जाऊन आलेला. तिथे त्याने वाईनचा एक दिवसाचा कोर्स केला होता. त्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "काका, लेदर येतंय. आणि एंडला थोडा टोबॅको."

परचुरे पेन उघडून बसले होते. "लेदर म्हणजे चामडं?"

"हो, काका."

"चपलेचं की पट्ट्याचं?"

"नाही, म्हणजे, इट्स अ गुड थिंग."

"आपण चामडं कधी चाखलंय?"

अनिकेतने चाखलं नव्हतं. परचुऱ्यांनी रकान्यात लिहिलं : 'साक्षीदार अविश्वसनीय.' मग त्याला वरण वाढलं. तरीही पुढच्या वेळी त्याला बोलावलंच. मला तेव्हा वाटायचं, हा माणूस कौतुकाचा भुकेला आहे आणि त्याला कौतुक करून घेताही येत नाही.

मग त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं. चार मजले चढवून मुलीला माहेरी आणणं कसं जमायचं? म्हणून वहिनीच दोन महिने तिच्या सासरी, पुण्याबाहेरच्या मांजरी गावी, जाऊन राहिल्या. व्याही उसाची शेती करणारे. शेताच्या एका कडेला नव्या इमारती उठलेल्या, दुसऱ्या कडेला अजून ऊस. नातवाच्या बारशाचं ठरलं आणि व्याह्यांनी निरोप धाडला की, येताना ती तुमची जांभळाची घेऊन या, पाहुण्यांना जेवताना देऊ.

परचुरे हरखले. बारशाच्या आठवडाभर आधी त्यांनी अनिकेतला आणि मला जेवायला बोलावलं. स्वतः खिचडी केली होती. वाईन आली. मी घोट घेतला आणि माझे दात आंबले. मी अनिकेतकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

आता खरं सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण एकट्या माणसाने खिचडी केली होती, ती निवत चालली होती, आणि पापड माझ्या समोर होते. मी लिहिलं : 'उत्तम. नेहमीप्रमाणे.' अनिकेतने लिहिलं : 'इंटरेस्टिंग.'

परचुऱ्यांनी दोन्ही शेरे वाचले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो त्यांनी आधी कधी विचारला नव्हता. "लिमये, देण्यासारखी आहे ना? मला जराशी आंबट वाटतेय."

"जांभूळ म्हटल्यावर आंबट असायचीच," मी पापड मोडत म्हणालो. "बेलाशक द्या."

मांजरीला काय झालं, ते मला नंतर कळलं. पंगत भरलेली. परचुऱ्यांनी स्वतःच्या हाताने पेले भरले. व्याह्यांनी पहिला घोट घेतला आणि भर पंगतीत मोठ्याने म्हणाले, "पाव्हणं, ह्यो तर शिरका हाय की! लोणच्यात घालायचा का?" उसाचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, घरी करणारा माणूस, त्याला कोण फसवणार? सगळी पंगत हसली. व्याही मनाचा मोठा माणूस. पाहुण्याचा मान म्हणून त्यांनी पेला संपवला. परचुरेही सगळ्यांबरोबर हसले म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी बेल वाजवली. हातात वही. त्या पानावर बोट ठेवून विचारलं, "ही सही आपलीच ना?"

"हो."

"बरं," परचुरे म्हणाले आणि गेले.

पुण्यात शिवी दिली तर माणूस विसरतो. असं 'बरं' म्हटलं तर जन्मभर विसरत नाही. त्यानंतर गॅलरीत बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या दिसल्या. सकाळी सहा वाजता कठड्याशी कुणी येईना. मी आपला लवकर उठून उगाच कुंड्यांना पाणी घालत राहिलो.

महिन्याभराने वहिनी परतल्या. विरजणाला दही मागायच्या निमित्ताने माझ्याकडे आल्या आणि वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"लिमये भावोजी, यांना वास येत नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का हो?"

मी म्हणालो, "सर्दी झालीय का?"

"वीस वर्षं सर्दी असते का? त्या कारखान्यातल्या आम्लाच्या टाक्या. त्यांच्या वाफांनी नाक गेलं. गोड, खारट, आंबट एवढं जिभेला कळतं, बाकी सगळं भुसा. जांभूळ आंबट की बिघडून आंबट, ते यांना कसं कळणार? आधी मी चाखून सांगायची. मला साखर निघाली, डॉक्टरांनी घोटसुद्धा बंद केला. तरी नुसता वास घेऊन सांगायची मी. नेमकी तेव्हा मांजरीला होते."

मी दह्याचं पातेलं पुढे ओढलं. मग त्याच म्हणाल्या, "मला कसं कळलं सांगू? लग्नानंतर बारा वर्षं हे रोज माझ्या आमटीला नावं ठेवायचे. एक दिवस थांबले. महिनाभर एक शब्द नाही! मला वाटलं, बाहेर काहीतरी भानगड आहे. शेवटी एक दिवस मी आमटीत गोडा मसाला घातलाच नाही. हे निमूट जेवून उठले. त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून रडले मी."

"पण मग वाईन कशाला करायची?"

"मीही विचारलं. म्हणाले, बरणी ऐकू येते. आमटी ऐकू येत नाही. आणि ऐकून केलेली चीज शेवटी कशी झाली, ते दुसऱ्या कुणीतरी सांगायलाच हवं ना? म्हणून ती पाटी."

त्या दही घेऊन गेल्या. मला स्वतःची अशी लाज वाटली, जशी नोकरीत कधी वाटली नव्हती. एक माणूस इतकी वर्षं मला घरी बोलावून, पोटभर जेवू घालून विचारत होता की, जग कसं लागतं ते सांगा. आणि मी सही करून वरण ओरपत होतो.

पुढच्या वर्षी जांभळं बाजारात आली, तशी मी मंडईतून पाच किलो आणून परचुऱ्यांच्या दारात ठेवली. त्यांनी दार उघडलं.

"मला वाईन कळत नाही," मी म्हणालो. "पण माझं नाक सरकारने अजून वापरलेलं नाही, नवं आहे. तुम्ही ऐका, मी वास घेतो."

"आपला शेरा विश्वासार्ह नाही," परचुरे म्हणाले. पण पिशवी आत घेतली.

त्यानंतर तीन आठवडे रोज सकाळी सहाला आम्ही दोघं एका बरणीशी उकिडवे. त्यांचा कान खाली, माझं नाक वर. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी आमच्याबद्दल काय ठरवलं असेल, ते त्यांचं त्यांना माहीत. एकदा मी म्हणालो, "आज फडक्याला जरा आंबूस येतंय." परचुरे ताडकन उठले. बरणीच्या तोंडावरचं फडकं सैल झालं होतं, ते बदलून दोरी करकचून बांधली.

मग जेवणाचा दिवस आला. फुलपात्रात घोट, शेजारी वही. वहिनी फोडणी टाकता टाकता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी घोट घेतला. लिहायला घेतलं आणि जमेना, म्हणून बोललो. "आधी तुरट. जीभ टाळूला चिकटते. मग गोड येतं, पण लगेच नाही. आणि मग शाळेच्या चड्डीच्या खिशात जांभळं ठेवली की खिशाला वास लागायचा ना, तसा."

"खिशाचं कापड कुठलं?"

"खाकी. ओलसर झालेलं."

परचुऱ्यांनी वहीत 'खाकी, ओलसर' असं लिहिलं. मग आपल्या फुलपात्रातला घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला. माझे शब्द ते जिभेवर शोधत होते. तोवर वहिनींनी आमटी वाढली होती. मला परचुऱ्यांकडे बघवेना, म्हणून मी तिचा भुरका मारला. फोडणी करपली होती. वहिनी दारात उभ्या राहून आमचंच ऐकत होत्या, दुसरं काय होणार?

मी परचुऱ्यांच्या कानाशी वाकून हळूच ते सांगितलं.

परचुरे ताठ बसले. "अगं," ते मोठ्याने म्हणाले, "फोडणी करपलीय आज! लक्ष कुठे असतं तुझं?"

वहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला. मग "करपलीय खरी," असं म्हणत त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्याच आमटीचा आणखी एक डाव त्यांच्या वाटीत घातला.