नंतर वाचू

मलकापूरच्या शंकररावांना मोबाइलवर लेख दिसला की तो साठवल्याशिवाय चैन पडत नसे. वाचायचा मात्र नंतर. त्यासाठी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'नंतर वाचू' असा खास स्वतःपुरता ग्रुप काढला होता, आणि त्यात लेखांचा नुसता धबधबा चालू होता.

आज तर घरात नुसती धांदल. जळगाव जामोदचे वामनराव आपला मुलगा नागसेन याच्यासाठी शंकररावांच्या मुलीचं, समताचं पक्कं करायला बायकोसह येत होते, आणि समताला नागसेन मनापासून आवडला होता. तेवढ्यात बापाचा फोन हातात घेऊन ती किंचाळलीच.

"बाबा, वामनकाका या ग्रुपात काऊन आहेत?"

"अवं, ग्रुप काढाले दुसरा मानूस लागते ना! त्यायचा नंबर वरच होता. नंतर काढू म्हनलं."

समता मथळे वाचू लागली. 'हुंडेबाज सासर कसं ओळखाल?' 'सासूची अरेरावी का सहन करायची?' 'नवरोबा, आता भांडी घासा!'

"हे त्यायले पाठवलं तुमी? मोडलं माहं लगन!"

"पुसून टाक ना मंग!"

"निळ्या खुणा आल्या, बाबा! वाचलं त्यायनं सगळं!"

शंकररावांनी फोन घाईघाईनं उशीखाली सारला, आणि दारात आवाज आला, "जय भीम!"

पोहे झाले, चहा झाला, पण लग्नाचा विषय काही निघेना. समता पदराशी चाळा करत उभी. एकाएकी वामनराव उठले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

"चला शंकरभाऊ, कपबशा आपन धुवू."

वामनरावांच्या पत्नी पुष्पाबाईंचा चेहरा फुलला. "लय चांगले लेख पाठवता हो भाऊ! ह्यायनं जन्मात पेला उचलला नव्हता, आता रोज भांडी घासून राह्यले. नागसेनबी! मी तं म्हनलं, सून पाह्यजे तं याच घरची!"

समता आनंदानं उडीच मारणार होती. तिची आई जनकाबाई मात्र नवऱ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी शांतपणे ट्रे त्यांच्या हातात दिला.

मोरीपाशी शंकररावांच्या हातून बशी सारखी निसटत होती. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"वामनभाऊ, खरं सांगू? त्यातला एकबी लेख वाचला नाई मी."

वामनरावांनी दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"मीबी नाई. फोन दिवसभर हिच्याच हातात असते." त्यांनी कप विसळून पालथा घातला. "पन आता हात जोडतो भाऊ, पाठवाच्या आधी वाचत जा!"