काकाजींनी शिवायला लावलेले खिसे

आमच्याकडे कामावर आल्याच्या पहिल्याच दिवशी ठोसर काकाजींनी मला माझ्या नवऱ्याच्या पँटचे खिसे शिवून टाकायला सांगितलं. चारही. वर म्हणाले, "पक्का टाका घाल, बाई. नंतर उसवून राहिले असं नको."

जबलपुरात अधारतालला आमची छोटीशी व्हॅन सर्विस आहे. लोकांचं घरसामान हलवायचं काम. एक गाडी, माझा नवरा सुनील, संतोष नावाचा आमचा भक्कम लोडर, आणि फोन घ्यायला, सामानावर नजर ठेवायला मी. काकाजी आमच्याच गल्लीतले. सारा जन्म दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत गेला, बारूदच्या सेक्शनवर. तिथे म्हणे कपड्यांना खिसेच नसतात. काडेपेटी नको, विडी नको, काही नको. बायको गेलेली, मुलगा बंगलोरला, घरात एकटेच. रिटायर झाल्यावर एकदा त्यांनी सुनीलला जिन्यावरून फ्रिज उतरवताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आमच्या दारात हजर. "तुम्ही लोक मरायला निघून राहिले," म्हणाले. "मी येत जातो. पगार नको."

फुकटचा माणूस कोण सोडतो? आम्ही हो म्हटलं आणि फसलो.

"काकाजी, सोफ्यात काय बारूद भरलीय का? खिसे काहून शिवायचे?" मी विचारलं.

"जिन्यात फोन वाजला की हात खिशात जातो. हात खिशात गेला की कपाट माणसावर जातं."

बोलणं बिनतोड होतं हो, पण सांगणाऱ्याचे स्वतःचे दोन्ही हात दिवसभर खिशात! जबलपूरच्या मे महिन्यातसुद्धा. काकाजींनी कधी साधं स्टूल उचललं नाही. चहा दिला तर म्हणायचे, "ठेव तिथे, निवू दे." आणि माझी पाठ वळल्यावर प्यायचे. मला वाटायचं, काय साहेबी थाट आहे म्हाताऱ्याचा!

रोज सकाळी हजेरी. "संतोष, घाबरून राहिला ना?" संतोष हात जोडून म्हणायचा, "जी काकाजी, बहुत डर लग रहा है." मग तो पास. एकदा त्याने फुशारकीत "डर काहे का?" म्हटलं, तर त्याला दिवसभर फक्त उशा उचलू दिल्या. "ज्याले भीती वाटत नाही, त्याच्या हाती वजन द्यायचं नाही," म्हणाले.

आणि ते "खाली कोण?" सामान जिन्यावर आलं की काकाजी खालच्या वळणावर उभे राहून ओरडणार, आणि आम्ही सगळ्यांनी "कोणी नाही" असं उत्तर द्यायचं. सराफ्यात एका घरची गादी उतरवताना त्यांनी अर्धी गल्ली थांबवली. गादी! कापसाची! लोक हसून हसून बेजार. मी सीटखाली लपायचीच तेवढी बाकी होते.

खरं सांगते, हसण्याचा मला राग नव्हता. राग होता तो त्यांनी लावून दिलेल्या भीतीचा. आधी मी गाडीत बसून निवांत मटार सोलायची. काकाजी आल्यापासून जिन्यात जरा काही आपटलं की मटार तसेच टाकून मी जिन्याकडे धावायची. घरी सुनीलला यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी जीव टांगणीला. या म्हाताऱ्याने माझं सुख घालवलं, असं मी उघड म्हणायची. म्हणून सुनील जेव्हा म्हणाला, "वंदू, एक खिसा तरी उसव ना, फोन कुठे ठेवू?" तेव्हा मी मुद्दामच ब्लेड घेतलं आणि उजवा खिसा मोकळा केला. काकाजींना सांगितलं नाही.

त्याच दिवशी गढ्याला काम होतं. दुसरा मजला, अरुंद जिना, लोखंडी कपाट. वर संतोषने पट्टा धरलेला, खालून सुनीलच्या खांद्यावर वजन, वळणावर कोपऱ्यात काकाजी. मी खाली व्हॅनमध्ये. मागून एक टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देऊन राहिला होता. गाडी पुढे घेऊ का, एवढंच विचारायला मी सुनीलला फोन लावला.

रिंग मला खालपर्यंत ऐकू आली. मग धाडकन आवाज. मग संतोषची किंकाळी.

मी जिन्याकडे पळाले. वरून आवाज आला, "खाली कोण?"

"मी! मी आहे!"

"तिथेच थांब. एक पायरी चढू नको."

वळणावर कपाट तिरपं होऊन सुनीलला भिंतीशी दाबून बसलं होतं. तोंड पांढरंफटक. एक हात खिशात अडकलेला, आणि खिशात फोन अजून वाजत होता. तो मीच लावलेला होता. मी हातातला फोन बंद केला.

काकाजींनी कपाटाला खांदा लावला होता आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं होतं. आवाज एकदम थंड. "सुनील, बोलू नको. हळूहळू श्वास घे. संतोष, पट्टा ढीला मत करना. मी तीन म्हटलं की ओढ." पण कपाटाचं हँडल खडखड, खडखड वाजत होतं, थांबेचना. मला वाटलं, कपाट अजून घसरून राहिलंय. गेला माझा नवरा, मीच मारला. देवाचं नावसुद्धा आठवेना. आणि मग दिसलं, कपाट जागचं हलत नव्हतं. काकाजींचे हात हलत होते.

"तीन!" संतोषने ओढलं, काकाजींनी रेटलं, सुनील सरकून बाहेर आला.

नंतर एक्स-रेत हाडं शाबूत निघाली. डॉक्टरांनी आठ दिवस आराम सांगितला. पण त्या क्षणी आम्ही सगळे पायऱ्यांवर बसलो होतो, आणि मी ओक्साबोक्शी रडत होते. "काकाजी, खिसा मी उसवला. फोन पण मीच केला. मला शिव्या द्या."

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. गुडघ्यांवर ठेवलेले आपले हात बघत बसले. बोटं थरथरतच होती. "दोन वर्षं झाली," म्हणाले. "डॉक्टर म्हणते, वाढत जाईल. आता तुला दिसलंच. उद्यापासून येऊ नका म्हणशील."

मी आपलं म्हटलं, "घरी जरा आराम होईल तुम्हाला."

"घरी?" ते म्हणाले. "घरी मी कोणाले घाबरवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काकाजी दारात. त्यांच्या पँटचे दोन्ही खिसे शिवलेले होते. पांढरा दोरा, वेडेवाकडे, हे एवढाले टाके. स्वतःच घातलेले, ते काय लपतं? हात दोन्हीकडे मोकळे, आणि थरथरत होते.

"घाबरून राहिली ना, बाई?"

रोज मी थट्टेत हो म्हणायची. त्या दिवशी खरोखरीचं हो म्हटलं. आत जाऊन मी तीन ग्लासांत चहा ओतला, तिन्ही अर्धे.

"दीदी, बस आधा गिलास चाय?" संतोष म्हणाला.

"नवीन नियम आहे. भरलेला ग्लास हिंदकळतो. गरम चहा कोणाच्या पायावर सांडला तर?"

काकाजींनी ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी विचारलं, "खाली कोण?"

"कोणी नाही," ते म्हणाले, आणि माझ्यासमोर, दोन्ही हातांनी, ग्लास उचलला.

संतोष अजून कुरकुरतो. पण आमच्याकडे चहा एका वेळी अर्धाच मिळतो.