आधी पाणी इचारा

आमच्या परभणीकडच्या वालूरमध्ये विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती मारोतराव मिस्त्रींकडे आणतात, आणि मोटारीबरोबर एक बाटली पाणीही आणतात. बाटली नसेल तर मारोतराव मोटारीला हात लावत नाहीत. आधी बाटलीतलं पाणी तळहातावर घ्यायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. "मचूळ हाय. बेअरिंग खाईल." किंवा, "जड पाणी हाय, ही मोटार तुमी घेतलीच कामून?" नवखं गिऱ्हाईक भडकतं. त्याला ठरलेलं उत्तर मिळतं, "आधी पाणी इचारा, मग मोटार."

माझं धान्याचं आडत दुकान त्यांच्या वाइंडिंगच्या दुकानासमोरच आहे, त्यामुळे हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकतो. कधीकधी मीही ते माझ्या गिऱ्हाइकांवर चालवून बघतो, पण सोयाबीनला ते लागू पडत नाही.

त्यांच्या दुकानात मागच्या फळीवर या बाटल्यांची रांग आहे. प्रत्येकीवर चिठ्ठी: गाव, मालक, विहिरीची खोली. जुन्या चिठ्ठ्यांचं अक्षर वळणदार आहे. ते सुनंदाचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं. शाळेतून आली की ती दुकानात बसून चिठ्ठ्या लिहायची. पुढे नर्स झाली, कोकणात नोकरीला लागली आणि तिथल्याच एका नाववाल्या मुलाशी लग्न करायचं म्हणाली. मुलगा चांगला होता, जमीन नव्हती पण नाव स्वतःची होती. मारोतरावांची हरकत वेगळीच होती. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. ते म्हणाले, "ज्या पाण्याचा तळ मोजता येत न्हाई, त्या घरी मी पोरगी देत न्हाई."

पोरीनं त्यांच्या देण्याची वाट पाहिली नाही. लग्न झालं, मारोतरावांच्या बायको, गिरजावहिनी, एकट्या जाऊन आल्या. त्याला तीन वर्षं झाली. मायलेकी रोज फोनवर बोलतात, मारोतराव शेजारी बसून जेवतात आणि फोनकडे पाठ करतात. मात्र वहिनी फोन मोठ्या आवाजावर ठेवतात आणि ते जेवण फार सावकाश करतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

अशाच एका जेवणात त्यांनी ऐकलं की जावयाला नावेला एक छोटी बॅटरीवरची मोटार लावायची आहे. तेलावरचं इंजिन खाडीच्या तोंडापर्यंत जायला ठीक, पण गळ टाकून बसल्यावर नाव हळूच सरकवायची तर त्याच्या आवाजानं मासे पळतात. कुणी मारोतरावांना सल्ला विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानाचं अर्धं शटर ओढून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अण्णा, एका गिऱ्हाइकाला नावेची मोटार पायजे. पोरगं चुकीची घिईल."

मी विचारलं, कोणतं गिऱ्हाईक? ते म्हणाले, हाय एक लांबचं.

तिथून पुढचे दोन महिने आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. समुद्रापासून इतक्या लांब बसून समुद्राची मोटार निवडायची, तर अडचणी येणारच. पहिली अडचण म्हणजे ही मोटार एचपीत मोजत नाहीत, किती जोरानं ढकलते त्यावर पौंडात मोजतात. पन्नास वर्षं एचपीत विचार केलेल्या माणसाला हे पटेना. चार दिवस ते पौंडांवर रागावून होते. मग मोबाईलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघू लागले. इंग्रजी येत नाही, त्यामुळे आवाज बंद करून फक्त त्या लोकांचे हात बघायचे. पुढच्या टोकाला बसवून पायानं चालवायची मोटार त्यांनी बघताक्षणी बाद केली. पायानं शिलाई मशीन चालवतात, नाव न्हाई, असं त्यांचं मत पडलं. मागे बसवायची, हातानं वळवायची मोटार पक्की झाली.

दुसरी अडचण मीठ. समुद्राच्या पाण्याची बाटली कोण आणणार? म्हणून त्यांनी म्हशीच्या हौदात अर्धं पोतं मीठ ओतलं आणि त्यात लोखंडाचे, पितळेचे, स्टीलचे नटबोल्ट दोरीनं टांगले. म्हैस दिवसभर तोंड फिरवून उभी. वहिनींनी संध्याकाळी हौद रिकामा केला आणि मारोतरावांना लोणच्याची एक जुनी बरणी दिली. तीन आठवड्यांनी लोखंड गंजून गळालं, स्टील राहिलं. शिवाय खाऱ्या पाण्याच्या मोटारीला जस्ताचा एक तुकडा लावतात, आधी तो झिजतो आणि मोटार वाचते, हे कळल्यावर ते खूशच झाले. "घरातल्या बाईसारखं हाय बगा," म्हणाले. वहिनी आतून म्हणाल्या, "मंग आतापस्तोर किती झिजले ते बी मोजा."

तिसरी गोष्ट वजन. नावेचं भरलेलं वजन कळल्याशिवाय पौंड ठरत नाहीत. इथे जावयाला फोन करणं भाग होतं, म्हणजे मी करणं भाग होतं. मी सुनंदाला फोन लावून म्हणालो, आमच्या एका गिऱ्हाइकाला जरा माहिती हवी आहे. ती म्हणाली, "अण्णाकाका, बाबा शेजारीच बसलेत ना?" मी खोटं बोलायला कच्चा आहे. मी हो म्हणालो. तिनं सगळी वजनं सांगितली आणि मारोतरावांनी ती माझ्याच दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहिली. नाव दोनशे ऐंशी किलो, जुनं इंजिन चाळीस, बॅटरी तीस, दोन माणसं मिळून एकशे तीस, मासे आणि बर्फ साठ. खाली, तिनं न सांगितलेलं एक: इतर, अडुसष्ट.

हे इतर काय, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, ते ऱ्हाऊ द्या. मला वाटलं, अंदाजानं धरलं असेल. पण अंदाजानं धरायचं तर सत्तर धरतात, अडुसष्ट नाही.

पन्नास किलोला सव्वादोन पौंड, आणि वाऱ्यासाठी त्याची दुप्पट, असा हिशेब करून पंचावन्न पौंडी मोटार ठरली. राहिली दांड्याची लांबी, ज्याच्या खालच्या टोकाला पंखा असतो त्या. मोटार नावेच्या काठाला अडकवली की पंखा पाण्यात पुरेसा बुडाला पाहिजे. त्यासाठी त्यांनी दोन प्लास्टिकचे पिंप, वर फळी असा तराफा केला आणि तो माझ्या शेततळ्यात सोडला. तराफ्यावर जावई म्हणून मला बसवलं. मी दोन्ही हातांनी फळी धरून बसलो आणि काठावरून मारोतराव दांड्याच्या नळीवरच्या खुणा वाचत होते. वारा नव्हता, तळं आरशासारखं होतं. तीस इंच अगदी बरोबर आले. ते इतके खूश झाले की मला बाहेर काढायचं विसरून घरी निघाले होते.

मी सुनंदाला कळवलं: पंचावन्न पौंडी, मागे बसवायची, खाऱ्या पाण्याची, दांडा तीस इंची. तासाभरानं तिचं उत्तर आलं. मारोतराव समोरच होते, म्हणून मी मोठ्यानं वाचलं, "काका, बाकी सगळं बरोबर. पण त्यांना म्हणा, आधी पाणी इचारा."

 मारोतरावांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, माझ्या तर त्याहून जास्त. आमचं पाणी विहिरीतलं, तळ्यातलं. ते उन्हाळ्यात खाली जातं, पावसाळ्यात वर येतं, पण मोजायला टेप लावेपर्यंत जागचं हलत नाही. या माणसानं दोन महिने मोटार विचारली होती, नावेचं वजन विचारलं होतं, मीठ विचारलं होतं. पाणी कसं असतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. जन्मभराचा स्वतःचा नियम स्वतःच मोडला होता, आणि ते पोरीनं पकडलं होतं.

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि मोठ्या आवाजावर ठेवून स्वतः लावला. तिनं उचलला तेव्हा ना कशी आहेस, ना काही. "लाट किती येती?" एवढंच विचारलं.

 ती म्हणाली, "बाबा, हितलं पाणी उभं ऱ्हात न्हाई. नाव वर गेली का पंखा बाहेर पडतो. बेचाळीस इंची पायजे."

"बेचाळीस," मारोतराव म्हणाले. आणि मग, "तू बसतीस का त्या नावेत?"

ती म्हणाली, रविवारी बसते. त्यांनी बरं म्हणून फोन मला परत दिला. बंद न करताच दिला, म्हणून पलीकडे ती नाक ओढत होती ते मला ऐकू आलं. मी आपला भाव सांगितल्यासारखं काहीतरी बोललो आणि फोन ठेवला.

आठवड्यानं एसटीच्या पार्सलानं खोका आला. आत फडक्यात गुंडाळलेली एक बाटली, तिच्यावर चिठ्ठी, तेच वळणदार अक्षर. गाव तिचं. मालक, कुणीच नाही. खोली, मोजलेली नाही, पण आम्ही बरे आहोत.

मारोतरावांनी नेहमीसारखं पाणी तळहातावर घेतलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. ते बराच वेळ उघडले नाहीत. निकाल ऐकायला जमलेली दोन गिऱ्हाइकं अवघडून उभी राहिली. शेवटी ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मी लग्नाला कामून गेलो न्हाई, अण्णा?"

 मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि तीन वर्षं समोर बसून हा प्रश्न त्यांना न विचारलेल्या माझ्यासाठीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काटा पुसत होतो, तेव्हा ते आले आणि सरळ पोत्यांच्या काट्यावर उभे राहिले. मी म्हणालो, चपला काढा, वजन बरोबर येईल. ते म्हणाले, "असू द्या. नावेत चपला घालूनच बसनार." काट्यावर अडुसष्ट आले. मी भिंतीकडे पाहिलं. खडू पुसट झाला होता, पण आकडा वाचता येत होता.

 त्यांनी लगेच विषय बदलला. तिकडे कोकणात लोक नुसता भात खातात, पोरीला ज्वारीची भाकरी आवडते, तर दहा किलो ज्वारी चांगली बघून बांधा, म्हणाले. मी पिशवी भरून त्यांच्या हातात दिली. ते पिशवीसकट पुन्हा काट्यावर चढले.

अठ्ठ्याहत्तर भरलं. पंचावन्न पौंडात बसतंय, असं ते म्हणाले, आणि परभणीहून रेल्वे किती वाजता आहे ते विचारू लागले.