बशीवरची मुंगी आणि सोन्याची कड

रविवारी कॉफीला ओटिलीमावशी येणार होती, म्हणून मी (कोणीही सांगितलेलं नसताना) केकच्या बशा धुवायला घेतल्या.

बशा साध्या नव्हत्या. माझ्या बायकोच्या, गुद्रुनच्या, खापरपणजीच्या लग्नातल्या. प्रत्येक फूल हाताने रंगवलेलं. आणि गुद्रुनची ही मावशी म्हणजे आमच्या माइसेन गावात चाळीस वर्षं पोर्सेलिन रंगवून निवृत्त झालेली बाई.

एका बशीवर मुंगी होती. फुंकर मारली, हलेना. बोटाने ढकलली, हलेना. (मी नगरपालिकेत कारकून आहे, जागचं न हलणाऱ्यांची मला सवय आहे.) शेवटी बेसिन घासायची पावडर घेऊन भिडलो. मुंगी सहाही पाय रोवून तिथेच राहिली. कडेचं सोनं मात्र वीतभर निघून घासणीला लागलं.

गुद्रुन आंघोळीला गेली होती. नाताळच्या झाडावर टांगायच्या अक्रोडांना लावतात तो सोनेरी रंग मला सापडला. नुसत्या हाताने गोल रेघ जमेना, म्हणून बशी रेकॉर्ड प्लेयरवर ठेवून फिरवली आणि ब्रश नुसता टेकवला. कड अशी सुरेख उतरली की मीच बघत राहिलो.

नेमकी तीच बशी मावशीपुढे आली. दोन घास प्लमचा केक खाल्ल्यावर तिच्या अंगठ्याला सोनं लागलं. जुन्या बशा, वयोमानाने सुटत असेल, असं मी म्हणालो. मावशीने चष्मा लावला. भट्टीत या बशीवर काळा ठिपका उठला होता, ती म्हणाली. रंगवणाऱ्याने बशी फेकली नाही, ठिपक्याला पाय काढले. केसाहून बारीक सहा पाय! खरं सांगतो, क्षणभर मी भीतीच विसरलो. ज्याने मला अर्धा तास झुंजवलं, त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले.

कड दुरुस्त होईल, मावशी म्हणाली. सोनं लावून भाजायचं. भट्टीतून ते मळकट तपकिरी निघतं, मग अकीकाच्या दगडाने घासत बसलं की झळाळतं.

"पण ही रेघ," ती बशी फिरवत म्हणाली, "कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. माझ्या हाताखाली वीसेक जण शिकले. अशी दोघांनाच जमली. गुद्रुन, तू काढलीस?"

गुद्रुनने नाही म्हणून मान हलवली. मला राहवेना.

"मी काढली, मावशी. रेकॉर्ड प्लेयरवर."

"वा, जावईबापू," मावशीने चष्मा उतरवला. "गुद्रुन, रंग कोणी फासला ते कळलं. घासली कोणी, ते आता वेगळं विचारायला नको."